पुणे ते गुवाहाटी स्वतःच्या गाडीने: रस्ता होईल, पण एनओसीची घाई करू नका

नमस्कार. तुमची पोस्ट दोनदा वाचली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून निघून चार दिवसांत गुवाहाटी गाठायचं, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी, गाडी चार वर्षं जुनी, कर्जाचे हप्ते अजून चालू. आणि अगदी शेवटी एक ओळ: 'एनओसी निघायच्या आधी काढूनच ठेवतोय, एजंटशी बोलणं झालंय, घर तिथे गेल्यावर बघू.'

मी हे सगळं त्या शेवटच्या ओळीसाठी लिहितेय. २०२१ च्या डिसेंबरमध्ये मीही महाराष्ट्रातून आसामात बदलीवर आले, स्वतः गाडी चालवत. त्यानंतर हा रस्ता आणखी दोनदा केला. रस्त्याने मला कधी रडवलं नाही. रडवलं ते त्या एका कागदाने, एनओसीने, म्हणजे गाडीची नोंदणी दुसऱ्या राज्यात हलवायला जुनं आरटीओ देतं त्या ना-हरकत प्रमाणपत्राने. (मी वकील नाही, एजंट नाही. जे माझ्या बाबतीत झालं आणि त्यापायी जे वाचावं लागलं, तेवढंच सांगतेय. दोन्हीकडच्या कार्यालयांची नावं, गावं घेणार नाही.)

झालं असं. मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं की एनओसी हातात असल्याशिवाय राज्याची हद्द ओलांडू नका, पोलीस अडवतील, दंड होईल. म्हणून घाईघाईने एनओसीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २८ भरला, बँकेचं संमतिपत्र आणलं, चॅसिस नंबरचे पेन्सिलचे ठसे काढून घेतले. फॉर्ममध्ये गाडी कोणत्या आरटीओकडे जाणार ते लिहावं लागतं. नुसतं 'आसाम' लिहून चालत नाही. मी ऑफिसच्या गेस्ट हाऊसचा पत्ता ज्या आरटीओत येतो त्याचं नाव घातलं. खिडकीपलीकडच्या माणसाला विचारलंही होतं, 'घर अजून ठरलेलं नाही, पुढे बदलता येईल ना?' तो म्हणाला, 'होतं तिकडे सगळं.' या तीन शब्दांवर मी विश्वास ठेवला. माझी चूक ती हीच.

घर मिळालं चौदा किलोमीटर पलीकडे. जिल्हा वेगळा, आरटीओ वेगळं. फेब्रुवारीत तिथे गेले तर उत्तर मिळालं, 'ही एनओसी आमच्या नावाची नाही.' ज्यांच्या नावाची होती त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, 'तुमचा पत्ता आमच्या हद्दीत नाही.' गेस्ट हाऊसवाले पत्त्याचा पुरावा देईनात. मग रजा काढून विमानाने महाराष्ट्रात आले, एनओसी रद्द करून दुसऱ्या नावाने द्या म्हटलं. इथलं उत्तर: 'ती वापरली नाही असं त्या आरटीओकडून लेखी आणा.' परत आसाम. तिथलं उत्तर: 'जे आमच्या दफ्तरी कधी आलंच नाही, त्याबद्दल आम्ही काय लिहून देणार?'

दोघांचंही म्हणणं आपापल्या खुर्चीवरून बरोबर होतं आणि मधे मी अडकले होते. तीन विमानफेऱ्या, अकरा महिने. तेवढ्यात कर्ज फिटलं, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवता येईना, कारण एनओसी निघालेल्या गाडीचं दुसरं कुठलंच काम ती कार्यालयं पुढे सरकवेनात. गाडी दारात उभी, कागदावर मात्र ना इकडची ना तिकडची. त्या खिडकीवर मला कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी ओरडलंही नाही. फक्त दर वेळी 'उद्या या'. २८०० किलोमीटरवरून आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणताना आपण काय म्हणतोय याचा विचार एकदाही कोणाच्या मनात आला नसेल का, हे मला अजून समजत नाही. त्याचा राग आजही येतो.

सुटका झाली ती लेखी अर्जाने. तोंडी विचारलं की तोंडी नकार मिळतो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. शेवटी एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणून दोन्हीकडे साधा अर्ज दिला, आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच घेतली. अर्जात लिहिलं की नकार द्यायचा असेल तर कारणासह लेखी द्या. आसामच्या कार्यालयाने नऊ दिवसांत 'सदर वाहनाची नोंदणी या कार्यालयात झालेली नाही' एवढी एक ओळ दिली, आणि त्या एका ओळीवर पुढचं सगळं हललं. पहिल्याच फेरीत पोच मागितली असती तर पुढच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

आता कायद्यापुरतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७: गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे सीमा ओलांडताना एनओसी हवी असं नाही. वैध आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स असलं की देशात कुठेही गाडी नेता येते. तुमच्या हातात चांगला वेळ आहे. एनओसीचं कलम पुढचं, ४८. त्यात अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवायचा, नकार दिला तर कारणं लेखी नोंदवायची, आणि ३० दिवसांत काहीच कळवलं नाही तर एनओसी दिली असं मानायचं, अशी तरतूद आहे. आता ही तरतूद खिडकीवर वाचून दाखवली म्हणजे कोणी लगेच उठून काम करेल असं नाही, पण अर्जात तिचा उल्लेख असला की फरक पडतो.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: आधी घर, मग भाडेकरार, मग त्या पत्त्याचं आरटीओ कोणतं ते स्वतः तिथे जाऊन विचारा, आणि नंतरच एनओसी. निघण्यापूर्वी पुण्यात फक्त तयारी करून ठेवा. चॅसिसचे चार-पाच ठसे स्वच्छ कागदावर काढून घ्या. थकलेली चलनं भरा, एकही बाकी असलं तरी अर्ज अडतो. बँकेला संमतिपत्राला किती दिवस लागतात ते विचारून ठेवा. कर्ज असताना एनओसी मिळतच नाही असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही, बँकेची संमती लागते एवढंच. आणि पुण्यात एखाद्या विश्वासू नातेवाइकाच्या नावाने अधिकारपत्र करून ठेवा. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण कागद घेऊन उभं राहायला माणूस लागतोच.

१२ महिने मोजायचे कधीपासून, हा वाद तिथला एखादा पोलीस किंवा कारकून नक्की घालेल. आसाममधल्या पहिल्या टोलनाक्याचा फास्टॅगचा एसएमएस जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. माझ्या कामी तोच आला. तारीख, वेळ, नाका, सगळं त्यात असतं.

तुमची बदलीची नोकरी केंद्र सरकारची, राज्य सरकारची किंवा चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीची असेल तर बीएच नंबरचाही (भारत मालिका, कोणत्याही एका राज्याचा नसलेला नंबर) विचार करा. ही मालिका २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा फक्त नव्या गाड्यांना होती. नंतर जुन्या गाडीचाही नंबर बदलून घेण्याची सोय झाली. कर दर दोन वर्षांनी भरायचा आणि पुढच्या बदलीला हे सगळं पुन्हा करायचं नाही. साध्या मार्गाने गेलात तर आसामचा कर आधी भरावा लागेल आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग नंतर मागावा लागेल. म्हणजे मधले काही महिने पैसे दोन्हीकडे अडकतात, त्याची तजवीज ठेवा.

आता रस्ता. चार दिवस विसरा. सुमारे २८०० किलोमीटरचे चार भाग केले तर रोजचे ७०० होतात. कागदावर ते जमतं, कारण आपण पुण्याच्या सूर्यावर हिशेब करतो. पुण्यात डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, गुवाहाटीत साडेचारला. रेखांशाचा फरक जवळजवळ १८ अंशांचा, म्हणजे तासाहून जास्त, पण घड्याळ एकच. जसजसं पूर्वेला जाल तसतसा गाडी चालवायचा दिवस संध्याकाळकडून कापला जातो. त्यात गंगेच्या मैदानात डिसेंबरचं धुकं. ते दहा-दहा वाजेपर्यंत उठत नाही. म्हणजे बिहारमध्ये तुमच्या हातात सकाळी दहा ते संध्याकाळी साडेचार, एवढेच तास असतात. जेवण, मुलीचे थांबे धरून त्यात ३०० किलोमीटर झाले तरी खूप. मी सात दिवस धरा असं सांगेन.

पहिला दिवस सोपा. संभाजीनगरजवळ समृद्धीवर चढा आणि नागपूर गाठा. सोपा म्हणजे निर्धास्त नव्हे. वळणं नाहीत, समोर काही हलत नाही, डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपतो. दर दीड-दोन तासांनी खाली उतरून चालायचं, झोप येत नसली तरी. टायर थंड असताना हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच भरा, स्टेपनीतही. चार वर्षं जुनी गाडी आहे, टायर मूळचेच असतील तर या प्रवासाआधी एखाद्या जाणत्याला दाखवाच.

नागपूरहून सिवनी, लखनादौन, जबलपूर, कटनी, रीवा. रस्ता उत्तम. पेंचच्या जंगलात महामार्ग उचलून घेतलाय, खालून जनावरं जातात. मुलीला तिथे जागं ठेवा, दिसेल काही असं नाही, पण आपण वाघांच्या वरून चाललोय हे ऐकून माझ्या भाचीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रीव्यात मुक्काम. पुढे हनुमनाच्या पलीकडे ड्रमंडगंजचा घाट लागतो, तिथे भरलेल्या ट्रकांच्या मागे शांत राहायचं, ओव्हरटेक नको. मग मिर्झापूर, वाराणसी, गोरखपूर. तिथून राष्ट्रीय महामार्ग २७ धरला की गोपालगंज, मुझफ्फरपूर, दरभंगा, पूर्णिया, सिलिगुडी, थेट गुवाहाटी.

गोरखपूर ते पूर्णिया या टप्प्याबद्दल मी हट्टी आहे: धुक्यात गाडी काढूच नका. चारपदरी आहे, मोकळा आहे, पुढची गाडी जातेय, ही सगळी कारणं खोटी. हंगाम उसाचा असतो, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या चालतात, आणि डावी पट्टी धरून जावं तर कडेला उभा ट्रक अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. लोक चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून जातात, तेही करू नका, वळताय की थांबलाय ते मागच्याला कळत नाही. हॉटेलात चहा घेत बसा. माझ्या पहिल्या फेरीत दरभंग्याजवळ आम्ही साडेदहापर्यंत बसलो आणि निघाल्यावर तासाभरात तीन आदळलेल्या गाड्या पाहिल्या.

त्याच टप्प्यात कोसी नदीवरचा महासेतू येतो. १९३४ च्या भूकंपात जुना पूल गेल्यावर मिथिलेचे, म्हणजे उत्तर बिहारच्या या भागाचे, दोन तुकडे कित्येक दशकं एकमेकांपासून तुटून राहिले होते, रस्त्याचा हा पूल झाला २०१२ मध्ये. पलीकडे एका टपरीवर म्हातारबाबांनी त्यांची मुलगी 'पलीकडच्या देशी' दिल्याचं सांगितलं. तेव्हापासून तो पूल मी सावकाश ओलांडते.

सिलिगुडी शहरात शिरू नका. घोषपुकुरहून फुलबारीकडे वळा. ईशान्येकडे जाणारं बहुतेक सगळं सामान सिलिगुडीजवळच्या या चिंचोळ्या पट्टीतून जातं, सर्वांत अरुंद जागी ती २० ते २२ किलोमीटरच आहे, त्यामुळे ट्रक भरपूर. उत्तरेकडचा डुआर्सच्या जंगलातला रस्ता सुंदर आहे, पण अंधार पडल्यावर हत्ती रस्त्यावर येतात. श्रीरामपूरला आसाम लागतं. आसाम आणि मेघालयात जायला आपल्याला परवाना लागत नाही. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला इनर लाइन परमिट लागतं, तिकडे फिरायचं ठरलं तर आधी काढा.

फास्टॅगचा वार्षिक पास (२०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला तेव्हा ३००० रुपये, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या) घ्यायचा तर निघण्याआधी घ्या, पण तो राष्ट्रीय महामार्गांचा आहे, समृद्धीचा टोल वेगळा कापला जाईल. शिवाय तो गाडीच्या नंबरला बांधलेला असतो, हे नवा नंबर घेताना लक्षात असू द्या. विमा कंपनीलाही नवा नंबर त्याच आठवड्यात कळवा. रस्त्यात अडलात तर महामार्गाच्या मदतीचा फोन नंबर १०३३.

एजंटला आजच फोन करून थांबवा. त्याने अर्ज भरून टाकला असेल तर गंतव्य आरटीओ म्हणून काय लिहिलंय ते विचारा आणि इथे लिहा. मी रोज रात्री नऊनंतर बघते.