थांबू की घेऊन टाकू? नव्या डस्टरची वाट बघणाऱ्यांचे प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गाडीबद्दल आहेत, रेनॉच्या नव्या डस्टर एसयूव्हीबद्दल, म्हणून यावेळी सगळा कॉलम तिलाच.

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या घरी २०१३ ची डिझेल डस्टर आहे, अजून मस्त चालते पण आता खर्च निघायला लागलाय. २६ जानेवारीला नवीन डस्टर येणार म्हणून मी वर्षभर थांबलोय. वडील म्हणतात पाडव्याला दारात गाडी पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि दुसऱ्या कंपनीच्या शोरूमवाला म्हणतो डिसेंबरचा स्टॉक उचला, चांगला डिस्काउंट देतो. बजेट ऑन-रोड १६ लाख. आठवड्यातून तीन-चार वेळा कराड-सातारा आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : दादा, आधी तारखेचं बघू. २६ जानेवारी २०२६ ही गाडी दाखवायची तारीख आहे, ती तुमच्या दारात येण्याची नाही. गाडी दाखवणं, किंमत सांगणं, बुकिंग उघडणं आणि चावी हातात देणं हे चार वेगवेगळे दिवस असतात आणि आपण मनात चारही एकच धरून बसतो. ताजं उदाहरण सिएराचं घ्या, टाटांनी २०२० च्या ऑटो एक्स्पोत कॉन्सेप्ट दाखवली, मग २०२३ ला परत दाखवली, आणि किंमत कळली २५ नोव्हेंबर २०२५ ला, ११.४९ लाखांपासून. त्यानंतरही बुकिंग १६ डिसेंबरपासून आणि डिलिव्हरी १५ जानेवारीपासून. म्हणजे किंमत सांगून झाल्यावरसुद्धा पन्नासेक दिवस गेले, आणि तेही पहिल्या नंबरवाल्यांना. पाडवा २०२६ मध्ये १९ मार्चला आहे. वडिलांना पाडव्याचा शब्द डस्टरच्या भरवशावर देऊ नका, अक्षय्य तृतीया धरली तरी मी खात्री देणार नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही ज्या डस्टरच्या प्रेमात आहात ती डिझेल आहे. २०१२ ला ७.१९ लाखांपासून ती गाडी आली तेव्हा घाटातल्या आणि खराब रस्त्यावरच्या लोकांनी तिला डोक्यावर घेतलं ते त्या दीड लिटर डिझेल इंजिनामुळे आणि सस्पेन्शनमुळे, खड्ड्यातून गाडी जायची आणि आत कळायचंही नाही. पण रेनॉने बीएस६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले तेव्हा २०२० मध्ये इथलं डिझेल बंद केलं, आणि युरोपात जी तिसऱ्या पिढीची डस्टर विकतात तिच्यातही डिझेल नाही, पेट्रोल, हायब्रिड आणि एलपीजीच आहे. त्यामुळे वाट बघताना डोळ्यासमोर जुनी गाडी ठेवू नका. तुमचं रनिंग बघता वर्षाला १८-२० हजार किलोमीटर आरामात होत असणार, आणि एवढ्या रनिंगला मला अजूनही डिझेल पटतं. ते पाहिजे असेल तर ह्युंदाईची क्रेटा आहे, सिएरा आहे, आणि कियाची नवीन सेल्टोस आहे, ती १० डिसेंबरला दाखवली, किंमत जानेवारीच्या सुरुवातीला येतेय. या तिन्हीमध्ये दीड लिटर डिझेल मिळतं. तुमच्या जागी मी असतो तर डस्टरसाठी नाही, सेल्टोसच्या किमतीसाठी थांबलो असतो आणि मग सिएराची टेस्ट ड्राइव्ह घेऊन ठरवलं असतं.

बजेटचं पण नीट बघा हं. ऑन-रोड १६ म्हणजे एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून, साडेतेराच्या आसपास. साडेतेरा लाखांच्या पेट्रोलला आपल्याकडे रोड टॅक्स १२ टक्के, म्हणजे १ लाख ६२ हजार. तीच गाडी डिझेल असेल तर १४ टक्के, १ लाख ८९ हजार. वर १० लाखांपुढच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलर आधीच घेतो तो आयकर, तो रिटर्न भरलात की वळता होतो पण त्या दिवशी खिशातून द्यावाच लागतो. त्यात विमा पन्नास हजारांच्या आसपास धरा. त्यामुळे डिझेलचा खालचा किंवा मधला व्हेरिएंट बसेल, टॉप बसणार नाही, सनरूफचा नाद सोडा.

डिसेंबर स्टॉकबद्दल लोक उगाच घाबरवतात. गाडी विकताना बनवल्याचं वर्ष बघतात हे खरंय, जानेवारीत पासिंग केलं तरी ती २०२५ चीच राहते. पण तुम्ही गाडी बारा वर्षं वापरणारी माणसं आहात, बारा वर्षांनी एका वर्षाने काय फरक पडतो? डिस्काउंट मात्र आज रोख मिळतो. फक्त गाडी यार्डात किती महिने उभी होती ते विचारा, गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवर बनवल्याचा महिना स्वतः बघा, टायर आणि बॅटरी तपासा आणि पासिंगच्या आधी पीडीआय, म्हणजे ताबा घेण्याआधीची पूर्ण तपासणी, करून घ्या.

आणि जुनी डस्टर घाईत काढू नका. दिल्लीसारखा १० वर्षांचा डिझेलचा नियम आपल्याकडे नाही, तुमची आरसी १५ वर्षांची म्हणजे २०२८ पर्यंत चालेल. हातात चालती गाडी आहे म्हणून तुम्हाला थांबणं परवडतं, ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला मी थांब म्हणणार नाही.

प्रश्न : सर, मिस्टर म्हणतात डस्टर-क्रेटा कशाला, जीएसटी कमी झाल्यामुळे ४ मीटरच्या आतली घे, खूप स्वस्त पडेल. खरंच एवढा फरक आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आहे ताई. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून २९ ते ३१ पडायचा. त्याच्या वरच्या सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना सरसकट ४० टक्के. युरोपातली डस्टर ४.३४ मीटर आहे आणि सिएराही तेवढीच, म्हणजे दोन्ही ४० मध्ये. चौघांचं कुटुंब असेल आणि वर्षातून एकदा-दोनदाच लांब जाणं असेल तर टाटा नेक्सॉनसारखी गाडी पुरते, तीही डिझेलमध्ये मिळते. पण मागे तिघं बसणार असतील आणि गणपतीला सामानासकट गावी जायचं असेल तर आधी मागच्या सीटवर तिघांनी बसून बघा, मगच पैशांचा विचार करा.

प्रश्न : एक डीलर डस्टरसाठी आत्ताच २५ हजार मागतोय, म्हणतो पहिल्या लॉटमध्ये नंबर लावतो. देऊ का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नका देऊ. किंमत माहीत नाही, व्हेरिएंट माहीत नाहीत, मग नंबर कशाचा लावताय? कंपनीने स्वतः बुकिंग उघडल्यावर कंपनीच्या पावतीवरच पैसे द्या, आणि पैसे परत मिळतील असं त्यावर छापलेलं पाहिजे, तोंडी चालणार नाही. बुकिंगच्या अटींमध्ये बहुतेक वेळा डिलिव्हरीच्या दिवसाची किंमत लागू असं लिहिलेलं असतं, तेही वाचा, कारण लवकर बुक केलं म्हणून जुन्या किमतीत गाडी मिळेलच असं नसतं. आणि अजून एक, जुन्या डस्टरच्या एअरबॅग नसलेल्या बेस मॉडेलला २०१७ च्या ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये शून्य स्टार मिळाले होते. आता आपल्याकडे तशीच टेस्ट घेणारं भारत एनकॅप आहे, नव्या गाडीचा निकाल येईपर्यंत थांबलात तर ते थांबणं वाया जाणार नाही. तोपर्यंत तुमच्या गावात किंवा जवळपास सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि तिथे पार्ट यायला किती दिवस लागतात हे सध्या रेनॉची गाडी वापरणाऱ्या दोघा-तिघांना विचारून ठेवा.