व्हर्च्युअल होस्टला बूटसाठी एसडी कार्डच ठेवलं तर चालेल का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: निपाणीच्या पतसंस्थेत दोन होस्ट (प्रत्येकी अनेक आभासी मशिन्स चालवणारे सर्व्हर) आहेत, दोन्हींत ती मशिन्स चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ६.७ एसडी कार्डावरून चालतंय आणि आता ८ वर जायचंय. पुरवठादार प्रत्येक सर्व्हरला एम.टूचं (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचं) बूट कार्ड घ्या म्हणतोय. संचालक विचारताहेत, इतकी वर्षं बिनतक्रार चाललेलं आता का बदलायचं?

बदलाच. एसडी कार्डावर ८ टाकू नका. कार्ड तेच असलं तरी त्याच्या वाट्याला येणारं काम पार बदललंय, हे संचालकांना समजावून सांगा. ६.७ पर्यंत बूट होताना सगळं मेमरीत चढायचं आणि पुढे कार्डाकडे फारसं कुणी फिरकायचं नाही. तासाभराने कॉन्फिगरेशनची प्रत लिहिली जायची, बस्स. एप्रिल २०२० मध्ये ७ आलं आणि डिस्कची मांडणीच बदलली. लॉग, कोअर डंप (क्रॅश झाल्यावरची नोंद), व्हीएमवेअर टूल्स असं सगळं ईएसएक्स-ओएसडेटा नावाच्या एका पार्टिशनवर गेलं आणि तिथे सतत लिहिणं सुरू झालं. एवढं लिखाण एसडी कार्डाला सोसत नाही. ७ च्या सुरुवातीच्या अपडेटांत कार्डं पटापट जायला लागली, तेव्हा नुसत्या एसडी किंवा पेनड्राइव्हवर विसंबू नका, असं व्हीएमवेअरनेच सांगितलं. ८ साठी किमान ३२ जीबीचं टिकाऊ स्टोरेज लागतं. १२८ जीबी आणि १२८ टीबीडब्ल्यूची (म्हणजे आयुष्यभरात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील त्याची) क्षमता असेल तर निर्धास्त राहा. स्वस्तातल्या २४० जीबी एसएसडीवर कधीकधी ८० टीबीडब्ल्यूच लिहिलेलं असतं, म्हणून घेताना माहितीपत्रक वाचा.

सर्व्हरमध्ये दोन एसडी कार्डांचा मिरर आहे, म्हणजे दोन्हींवर एकच प्रत असते, म्हणून काळजी नाही, असं कुणी म्हणेल. पण दोन्हींवर तेवढंच लिहिलं जातं, त्यामुळे झिजतातही दोन्ही बरोबरीने.

आणि कार्ड गेलं तरी आतली मशिन्स बहुधा चालूच राहतात, घात होतो तो इथेच. काउंटरवर खाती उघडतात, पावत्या निघतात, कुणाला काही कळत नाही. मग बॅकअप अडकतो, होस्ट व्हीसेंटरला (सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) उत्तर देईनासा होतो, कुणीतरी रीस्टार्ट करतं आणि सर्व्हर वर येतच नाही. मी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. आपल्या सीमाभागात अशा वेळी खरा प्रश्न पार्टचा असतो. निपाणीला कोल्हापूर जवळ, बेळगाव जरा लांब, पण सर्व्हरचा नेमका पार्ट सहसा पुण्याहून नाहीतर बेंगळुरूहूनच यायचा. तोवर पिग्मीवाले आणि ठेवीदार काउंटरवर उभे. बूट डिस्कवर आपला डेटा नसतो म्हणून तिथे काटकसर करावीशी वाटते, पण ती गेली की सगळी संस्था बसते.

आता घ्यायचं काय? डेलचं बॉस कार्ड किंवा एचपीईचं एनएस२०४आय, म्हणजे दोन एम.टू आणि त्यांचा मिरर कार्डातच. पुरवठादार हेच सांगत असेल तर तो बरोबर आहे. जुन्या बॉस-एस१ मधली एसएसडी बदलायला सर्व्हर बंद करून उघडावा लागतो, बॉस-एस२ ची मागून चालू सर्व्हरमधूनच निघते. पण बाजारात मिळणारं साधं अडॅप्टर घेऊन त्यात दोन एम.टू बसवून मिरर झाला असं समजू नका. ईएसएक्सआय स्वतः सॉफ्टवेअर मिरर करत नाही. त्याला दोन सुट्या डिस्क दिसतील आणि तुम्ही एकीवरच उभे असाल.

पैसे खरंच कमी असतील तर तिसरी वाटही आहे, आणि दोन होस्टच्या संस्थेला ती मला गैर वाटत नाही. सर्व्हरमध्ये आधीच चांगला रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी गेली तरी डेटा वाचवणारं कार्ड) असेल, तर त्याच डिस्कांतून १२८ जीबीची वेगळी व्हर्च्युअल डिस्क काढा आणि तिच्यावर ईएसएक्सआय टाका. नवीन खर्च शून्य. तोटा इतकाच की तो रेड गेला की होस्टही गेला, आणि इन्स्टॉल करताना डोळ्यांत तेल घालून योग्य डिस्क निवडावी लागते.

एसएसडी कुठलीही घ्या, वीज अचानक गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करणारे कपॅसिटर तिच्यात आहेत का ते विचारा. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे वीज कशी लपंडाव खेळते ते तुम्हाला ठाऊकच आहे, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या वेळेवर बदलणाऱ्या पतसंस्था थोड्याच. लायसन्सच्या खर्चामुळे ईएसएक्सआयऐवजी प्रॉक्समॉक्स या मोफत पर्यायाकडे वळणार असाल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची, कारण ते बूट डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असतं. तिथे मिररसाठी खास कार्ड मात्र लागत नाही, इन्स्टॉलरमध्येच झेडएफएस मिरर (सॉफ्टवेअरनेच केलेला मिरर) निवडता येतो.

माझं मत, अपग्रेड न करता नवीन डिस्कवर ८ कोरं टाका. आधी नेटवर्कची मांडणी, म्हणजे व्हीस्विच, व्हीलॅन आणि आयपी, कागदावर उतरवा, एका होस्टवरची मशिन्स दुसऱ्यावर हलवा, आणि सर्व्हर ८ च्या सुसंगत यादीत आहे ना हे पैसे देण्याआधी बघा. सर्व्हरचं मॉडेल आणि रेड कंट्रोलरचं नाव इथे लिहिलंत, तर कार्ड घ्यावं की व्हर्च्युअल डिस्कवर भागेल ते नेमकं सांगतो.