पहिल्यांदा हा तास घेणारेस म्हणून

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळीत उरकायचा विषय नाही म्हणून आज निवांत लिहितेय. आठवीच्या मुलांना लैंगिक शिक्षण कुठल्या पद्धतीने द्यावं असं विचारलंयस ना, तर आधी माझी चूक सांगते.

पहिली पद्धत म्हणजे फक्त जननेंद्रियांची आकृती शिकवणं, मी कित्येक वर्षं तेवढंच केलं. ग्रंथी, नळ्या, नावं द्या, पाच मार्क. मग एक दिवस एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत उभा, त्या धड्यात पैकीच्या पैकी मार्क घेतलेला, आणि खाली मान घालून विचारतो की मॅडम मला स्वप्नदोष होतो, मी मरणार नाही ना. बघ, आकृती पाठ होती पण ती स्वतःच्या शरीराबद्दल आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि त्या शब्दातच दोष आहे तर पोराने घाबरायचं नाही तर काय करायचं! तेव्हापासून मी तो शब्द वापरत नाही, झोपेत वीर्य बाहेर येतं, वयात येताना होतं, हा आजार नाही, असं सरळ सांगते.

दुसरी पद्धत म्हणजे "लग्नापर्यंत थांबा" एवढंच सांगणं. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने यासाठी सरकारी पैसा दिला, आणि २००७ मध्ये अशा चार कार्यक्रमांची तपासणी झाली तेव्हा ज्यांनी संबंध ठेवले होते त्यांचं पहिल्या संबंधाचं सरासरी वय दोन्ही गटात सारखंच निघालं, १४.९ वर्षं, म्हणजे शिकवलेल्यांचंही आणि न शिकवलेल्यांचंही. थांबायला सांगणं चूक नाही गं, पण त्याच्यापुढे काहीच न सांगणं चूक आहे.

तिसरी सर्वांगीण पद्धत, म्हणजे शरीरापासून नात्यांपर्यंत सगळंच शिकवणं, मी हिच्याच बाजूची. स्वीडनमध्ये १९५५ पासून हा विषय शाळेत सक्तीचा आहे. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत तर सुरुवात पाचव्या वर्षापासून आहे, आणि पालक इथेच दचकतात, त्यांना सांग की त्या वयात अवयवांची खरी नावं, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणणं अशा साध्या गोष्टी असतात, संमती, नाती, गर्भनिरोधन हे सगळं वयाप्रमाणे हळूहळू येतं.

पण पद्धत कुठलीही घे, निनावी प्रश्नांच्या चिठ्ठ्यांचा डबा ठेवच. सगळ्यांना सारखे कागद द्यायचे आणि प्रश्न नसेल त्यानेही "प्रश्न नाही" असं लिहायचं, नाहीतर कोण लिहितंय ते शेजारचा बघतो आणि ज्याला खरंच विचारायचंय तोच गप्प बसतो. उत्तरं लगेच देऊ नकोस, चिठ्ठ्या घरी नेऊन वाच, पुढच्या तासाला बोल. येत नसेल तर बघून सांगते म्हण, मुलांना चालतं ते. मुलंमुली एकत्रच बसव.

आणि एखादी चिठ्ठी अशी येईल की कोणीतरी त्रास देतंय. ती वर्गात वाचायची नाही, आणि मूल भेटायला आलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन अजिबात द्यायचं नाही, कारण सांगावं लागतंच. त्याऐवजी म्हण, तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी यात काही चूक नाही, आता ज्यांच्याकडून मदत मिळेल फक्त त्यांनाच मी सांगणार आहे. आणि त्याच दिवशी सांग, दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस.