बाटली ऑर्डर करण्याआधी हे वाच

पोरी,

काल रात्री साडेअकराला तू त्या वजन उतरवायच्या कॅप्सूलच्या बाटलीचा फोटो पाठवलास आणि खाली एवढंच लिहिलंस, काकू ही घेऊ का. मी लगेच 'नको' टाइप केलं होतं पण मग पुसलं, कारण नुसतं नको म्हटलं की तू मला विचारायचं बंद करशील आणि बाटली मात्र घेशीलच. २६ वर्षं मेडिकल चालवतेय, हे असं कितीतरी मुलींच्या बाबतीत बघितलंय. आज दुपारी सांगलीत पाऊस आहे, काउंटरवर कोणी नाहीये, म्हणून सगळं नीट लिहिते.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. लग्नात आत्याने चारचौघांत तुला जे म्हटलं ते चूक होतं. पण वजन कमी करावंसं वाटणं चूक नाहीये. तू १५८ सेंटिमीटर आणि ६६ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साधारण २६.४ येतो, आणि आपल्याकडच्या लोकांसाठी डॉक्टर २३ च्या वर जास्त आणि २५ च्या वर स्थूल धरतात कारण आपली चरबी पोटाभोवती आधी साठते. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असलेली बरी. तू आकडे विचारलेस तर मी खोटं नाही सांगणार. पण ६६ मधले ३-४ किलो जरी हळूहळू उतरले तरी साखर, पाळी, गुडघे सगळ्याला फरक पडतो, ५२ किलो व्हायची गरज नाहीये.

आता बाटली. सप्लिमेंटला आपल्याकडे साधा शब्द आहे, पुरवणी. परीक्षेत पानं संपली की पुरवणी मागायचो ना, कमी पडलं म्हणून. शरीराचंही तसंच, लोह कमी असेल तर लोहाची गोळी, बी-१२ कमी असेल तर बी-१२, आणि आपल्याकडे विशेषतः शाकाहारी घरांत ते खरंच कमी असतं. तिथे गोळी काम करते, मी स्वतः विकते आणि बिनधास्त विकते. पण चरबी ही काही कमी पडलेली वस्तू नाहीये, ती जास्त झालीय. जास्त झालेल्याला पुरवणी जोडून काय होणार? मला विचारशील तर सगळा गोंधळ इथेच आहे.

मी फोटो झूम करून लेबल वाचलं. सगळ्यात वर गार्सिनिया. हे म्हणजे आपल्या कोकमाचं भावंड, केरळात माशाच्या कालवणात आंबटपणाला घालतात ते फळ. त्याच्या सालीतल्या आम्लाने चरबी बनायची थांबते असं सांगतात, प्रयोगशाळेत उंदरांवर काहीतरी दिसलंही होतं. माणसांवर मात्र १९९८ साली अमेरिकेत नीट चाचणी झाली, १३५ जण, १२ आठवडे, अर्ध्यांना खरी कॅप्सूल आणि अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच, आणि दोघांनाही कमी कॅलरीचं जेवण. वजन दोन्हीकडे उतरलं, कॅप्सूलवाल्यांचं काही जास्त नाही उतरलं. म्हणजे जे उतरलं ते जेवणामुळे. आणि गार्सिनिया असलेल्या प्रॉडक्ट्सनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही नोंदलेल्या आहेत. आमसुलाचं सार पी की त्यापेक्षा, चवीला तरी छान लागतं.

दुसरं ग्रीन कॉफी. याची गोष्ट तर नीट ऐक कारण ती आपल्या देशातली आहे. २०१२ मध्ये एक अभ्यास छापून आला, भारतात १६ जणांवर केलेला, त्यात लोकांचं वजन भराभर उतरल्याचं दाखवलं होतं, मग अमेरिकेत टीव्हीवर ते गाजलं आणि जगभर ग्रीन कॉफी विकायला लागली. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सांगितलं की त्या अभ्यासातली वजनंच बदललेली होती, तो अभ्यास करवून घेणाऱ्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि २०१४ मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला. १६ माणसं! एका वडापच्या गाडीत यापेक्षा जास्त बसतात गं. तो अभ्यास गेला पण बाटलीवरचं नाव राहिलं, अजून तेच विकतायत.

ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट पण आहे त्यात. कपातला ग्रीन टी वेगळा आणि हे वेगळं, हे कायम लक्षात ठेव. चहात जे थोडं असतं ते कॅप्सूलमध्ये दाबून भरलेलं असतं, आणि युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की त्यातला मुख्य घटक, ईजीसीजी म्हणतात त्याला, सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण. डाएटवाल्या मुली तर उपाशीपोटी घेतात, तेव्हा तो जास्तच शोषला जातो. तुझ्या बाटलीवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलंय, कुठलं किती ते नाहीच. जे मोजून सांगत नाहीत ते पोटात का घालायचं?

एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, नंबर आहे म्हणून सेफ आहे असं तू लिहिलंस. तो १४ आकडी नंबर म्हणजे अन्नपदार्थ बनवायचं लायसन्स. वजन उतरतं हे कोणी तपासून दिलेलं सर्टिफिकेट नाही ते. त्याच बाटलीवर बारीक अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असेल बघ, कायद्याने लिहावं लागतं.

'७ दिवसांत ३ किलो' उतरेल म्हणतात, त्याचा हिशोब मी तुला करून दाखवते, तू कॉमर्सची आहेस. १ किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, ३ किलो म्हणजे २३,१००. तुझं शरीर दिवसाला २,००० जाळतं असं धरलं तरी आठवड्याच्या १४,००० होतात. म्हणजे सात दिवस पाण्याचा थेंब सोडून काही खाल्लं नाहीस तरी ३ किलो चरबी जाणार नाही. मग काट्यावर जे उतरतं ते काय असतं? पाणी. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर पाणी असतं, खाणं कमी केलं की ते पहिल्याच आठवड्यात जातं आणि दोन दिवस नीट जेवलं की परत येतं. ते डिटॉक्स टी असतात ना, त्यातल्या बऱ्याच पाकिटांत सोनामुखी असते, ती मोठ्या आतड्यावर काम करते, आणि कॅलरी तर त्याआधीच लहान आतड्यात शोषून झालेल्या असतात. जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम जातं, चरबी तिथेच राहते.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. काम न करणाऱ्या बाटलीपेक्षा मला जोरात काम करणाऱ्या बाटलीची जास्त भीती वाटते. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं, चिठ्ठीवर मिळायचं, माझ्या दुकानात पण होतं. मग जवळपास १०,००० लोकांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की हृदयाचा आजार आधीच असलेल्यांमध्ये त्याने हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढतात, २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बंद झालं आणि २०११ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे. उरलेला माल मी स्वतः परत पाठवला. पण बंद झालेलं औषध नाहीसं होत नाही, अमेरिकेच्या औषध प्रशासनाला 'हर्बल' 'नॅचरल' लिहिलेल्या कॅप्सूल्समध्ये तेच लपवलेलं पुन्हा पुन्हा सापडलंय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बीपी मोजायला एक शिक्षिका यायच्या, कुरिअरने मागवलेल्या कॅप्सूल घेत होत्या, महिन्यात वजन खूप उतरलं म्हणून खूश होत्या पण तोंड कोरडं, झोप नाही, छातीत धडधड, आणि बीपी १६० च्या वर. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवायला लावल्या तेव्हा हळूहळू खाली आलं. त्यात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून कधी कुठल्या मैत्रिणीने सांगितलं की हिने खरंच फरक पडतो, भूकच लागत नाही, तर तिला आधी धडधड होते का विचार.

वजनावर चालणारी खरी औषधं आहेत, नाही असं नाही. ऑर्लिस्टॅटने जेवणातलं साधारण तिसरा हिस्सा फॅट शोषलं जात नाही (तेलकट खाल्लं की कपडे खराब होतात, ते पण सांगते). आणि ती नवीन इंजेक्शनं, सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, औषध नसलेलं नुसतं दिसायला तसंच इंजेक्शन घेणाऱ्यांचं अडीच टक्केसुद्धा नाही. पण ती औषधं आहेत, डॉक्टर तपासून देतात, साइड इफेक्ट असतात, आणि मला नाही वाटत तुला त्यांची गरज आहे.

बाटलीचे २,४०० रुपये आहेत ना, त्यात सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), बी-१२, टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) करून घे. तू जिना चढून दमतेस म्हणालीस, मला तर हिमोग्लोबिनचीच शंका येते. कमी निघालं तर मी म्हणते तशी खरी पुरवणी सुरू करू, दमणं गेलं की चालणं आपोआप वाढेल. एक मात्र कर, केसांसाठी बायोटिन घेत असशील तर डॉक्टरांना विचारून टेस्टच्या आधी काही दिवस बंद ठेव आणि लॅबला सांग, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. त्या बाटलीत पण बायोटिन आहे!

खाण्याबद्दल तुला सगळं माहितीये, फक्त दोन गोष्टी. ऑफिसमधले पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी, आणि त्याने पोट भरत नाही. साखर अर्धी कर, चहा सोडू नकोस. आणि रात्री साडेअकराला ॲपवरून जेवण मागवतेस ते आठवड्यातून तीन दिवस तरी थांबव, मेसचा डबा आठला खा, बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मटकी ठेव, प्रोटीनने भूक टिकते. भात-भाकरी सोडायची नाही.

रिपोर्ट आले की फोटो पाठव, दुकानात शांत असतं दुपारी दोन ते चार, तेव्हा फोन कर. आणि हो, आई म्हणाली तू थायरॉइडची गोळी सकाळच्या चहाबरोबरच घेतेस. उद्यापासून उठल्याउठल्या उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घे आणि चहा तासाभराने, लोहाची गोळी सुरू झाली तर दोघींमध्ये चार तास ठेव. किती महिने चहाबरोबर घेत होतीस ते मला नक्की सांग, टीएसएचचा आकडा त्यावरून वाचावा लागेल.

काकू