पहिल्या दौऱ्यावर निघण्याआधी

गिटारच्या मैफलींचा दौरा ठरला, छान! आता रियाजाइतकंच लक्ष उजव्या हाताच्या नखांकडे दे. आवाज तिथूनच घडतो आणि नख नेमकं बॅग उचलताना तुटतं. अगदी बारीक पॉलिश पेपर कायम खिशात ठेव. तुटलंच, तर पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून नखाला सुपरग्लूने चिकटवायचा. विचित्र वाटेल, पण गिटारवादकांचा हा जुना तोडगा आहे आणि कार्यक्रम निभावून जातो.

गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत हवा इतकी कोरडी होते की वरची फळी तडकू शकते, म्हणून केसमध्ये हवेत ओलावा टिकवणारा ह्युमिडिफायर हवाच. नायलॉनच्या नव्या तारा काही दिवस ताणत राहतात, सूर सारखा उतरतो. कार्यक्रमाच्या दिवशी तारा बदलू नकोस. वाद्यात ब्राझिलियन रोजवूड असेल, तर परदेशी जाताना परवान्याची चौकशी आधीच कर. ते लाकूड १९९२पासून साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे.

मैफलीत वाजवायच्या रचनांचे संच दोनच बसव, पण पक्के. स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोचा 'आरांह्वेस' कॉन्चेर्टो, म्हणजे गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, सगळ्यांनाच वाजवायचा असतो. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा कोण देतंय? घर चालतं ते एकल मैफली, कार्यशाळा आणि शिकवण्यांवर. मानधन, प्रवास, मुक्काम सगळं लेखी घे. आणि हो, बिनहातांची खुर्ची हवी हेही त्यातच लिही. हातवाली खुर्ची आली की गिटार मांडीवर नीट बसत नाही, मग ऐनवेळी सभागृहभर खुर्ची शोधत फिरावं लागतं.