मोबाइलवरच्या लाइव्ह मॅपवर आमच्या गावात पाऊस दिसत नाही तरी पडतो, असं का? शेतीसाठी कुठला मॅप बघावा?

तासगाव तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, तो पाऊस लाइव्ह नसतोच. पुढच्या तासांचा रंगीत पाऊस सरकताना दिसतो तो कॉम्प्युटरनं काढलेला हिशोब असतो, कुणी मोजलेलं पाणी नव्हे. असा हिशोब करणाऱ्या प्रोग्रामला मॉडेल म्हणतात. जीएफएस हे अमेरिकेचं मॉडेल आणि ईसीएमडब्ल्यूएफ हे युरोपचं, बहुतेक मॅप यांच्यावरच चालतात. युरोपच्या मॉडेलची एक चौकट साधारण 9 किलोमीटरची, म्हणजे आमची सात-आठ गावं एकाच चौकटीत बसतात आणि त्या सगळ्यांना मिळून एकच आकडा. मधला रंग साइट आपला आपण भरते म्हणून ते इतकं गुळगुळीत दिसतं.

2019 ची भाऊबीज, 29 ऑक्टोबर. बहीण-दाजी पुण्याहून आलेले. बाग बरोबर फुलोऱ्यात, आभाळ भरून आलेलं, आणि मी संध्याकाळी डावणीचं, म्हणजे ओलीनं येणाऱ्या बुरशीचं, औषध मारायचं म्हणून ट्रॅक्टरला ब्लोअर (फवारणीचं यंत्र) जोडत होतो. दाजी आयटीतले, फोन घेऊन अंगणात आले आणि दाखवायला लागले, अरबी समुद्रात क्यार वादळ गरगर फिरतंय, "बघ, ओमानकडं चाललंय, तुला काय करतंय." मग खालची पट्टी रात्री दोनपर्यंत सरकवली. आमच्या गावावर काही नाही, शेजारच्या तालुक्यावर फिकट निळा डाग. "तो आपला नाही, सणाचं बस की घरात, औषधाचे पैसे कशाला घालवतोस." घरातले सगळे त्यांच्याच बाजूनं, मी ब्लोअर सोडून ठेवला.

रात्री पावणेदोनला सुरू झाला, पाऊणएक तास पडला. पहाटे आम्ही नवरा-बायको बॅटरी घेऊन ओळीओळीनं तारा हलवून घडातलं पाणी झाडत होतो. रानात इतका चिखल की दोन दिवस ट्रॅक्टर आत जाईना. सहाव्या दिवशी पान उलटं केलं तर पांढरी बुरशी, आणि घडांवर पण. एका एकरातले निम्मे घड गेले.

दाजी आजही म्हणतात मॅप चुकला नव्हता, लोकल पाऊस होता. अहो पण द्राक्षाला लोकल पाऊसच मारतो ना! तो निळा डागच आमचा होता. गडगडाटी ढग येणार एवढं मॉडेलला बऱ्यापैकी कळतं, नेमका कुठल्या शिवारावर ते कळत नाही, म्हणून 25-30 किलोमीटरवर डाग दिसला की तो आपलाच समजायचा. आणि दाजींनी तो मॅप सकाळी गाडीत उघडला होता, तेव्हापासून रिफ्रेश केलाच नव्हता. जीएफएसचा हिशोब दिवसातून चार वेळा नवा होतो, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचचा आपल्यापर्यंत यायलाच नऊ-दहा वाजतात. तेव्हा रंग बघायच्या आधी हिशोब कितीचा आहे ते बघा, यूटीसी (जागतिक वेळ) लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवा.

कुठला मॅप? मी दोन्ही मॉडेलं बघतो, एकानं जरी जवळपास डाग दाखवला तरी फवारणी घेतो. ढग चढल्यावर मॉडेल बंद, तेव्हा हवामान खात्याचं रडार आणि विजांसाठी दामिनी ॲप, कारण हे दोन्ही मोजलेलं दाखवतात. रडारचं पण एक आहे, दोनशे किलोमीटर लांब असेल तर त्याचा किरण तुमच्या गावावरून चारेक किलोमीटर उंचीवरनं जातो, खालचा ढग त्याला दिसतच नाही.

हे सगळं फुलोऱ्यातल्या द्राक्षाचं सांगितलं, तिथं एक फवारणी फुकट गेली तरी परवडते. तुमचं सोयाबीन काढून रानात पडलं असेल तर हिशोब वेगळा, तुम्ही पीक लिहिलेलं नाही. वाऱ्यासाठी मात्र हेच मॅप मी रोज बघतो, पहाटे वारा कधी पडतोय ते बघूनच ब्लोअर बाहेर काढतो.