विष पेशी ‘मारतं’ की मृत्यू ‘घडवून आणतं’?

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: ‘जिवाणूंचं विष वनस्पतीच्या पेशींचा मृत्यू घडवून आणतं’ हे वाक्य फार जड वाटतं. सरळ ‘विष पेशी मारतं’ लिहू का? की ‘विषाने पेशी करपतात’?

वाक्य जड आहे खरं, पण ‘घडवून आणणे’ खोडण्याआधी जरा थांबा. दंगल ‘केली’ आणि दंगल ‘घडवून आणली’ यांत फरक आहे; दुसऱ्या वाक्यात दगड मारणारे हात वेगळे असतात. पानात हे दोन्ही प्रकार चालतात.

स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूचं सिरिंगोमायसिन हे विष घ्या. ते पेशीच्या पटलाला भोकं पाडतं, आतले क्षार झिरपून जातात आणि पेशी संपते. इथे खुशाल ‘मारतं’ लिहा.

हार्पिनची गोष्ट निराळी. हे प्रथिन 1992मध्ये सफरचंद-नासपतीवर ‘फायर ब्लाइट’ हा रोग आणणाऱ्या जिवाणूत सापडलं. नुसतं हार्पिन तंबाखूच्या पानात टोचलं तरी तेवढाच भाग मरून वाळतो. कुणालाही वाटेल, विषानेच मारलं. पण 1993मध्ये सिरिंगीच्या हार्पिनवर प्रयोग झाले तेव्हा पेशीचं स्वतःचं प्रथिनं बनवण्याचं काम औषधाने बंद पाडलं, आणि पेशी मरेनात! मरायलासुद्धा पेशीला स्वतः राबावं लागतं. हार्पिन फक्त डिवचतं. जीव देते ती पेशीच. जिवाणू शिरतो तिथल्या पेशी अशा झटपट मेल्या की तो त्या कोरड्या डागातच कोंडला जातो. त्यामुळे हार्पिनला ‘विष’ म्हणायलाही माझी जीभ अडखळते.

आता करपणे. भाकरी कडेला करपते. जळली म्हटलं की ती गेलीच. भातावरच्या जिवाणूजन्य रोगात पान टोकाकडून कडेकडेने पिवळं पडून वाळत येतं, त्याला शेतकरी ‘कडा करपा’ म्हणतात. काय नेमका शब्द आहे! डाळिंबावरचा रोगही जिवाणूचाच, पण डाग तेलकट, म्हणून तो ‘तेल्या’. ही नावं डोळ्यांना दिसतं त्यावरून पडली आहेत. बुरशीमुळे येणाराही करपा असतोच. तेव्हा पान करपू द्या, ‘पेशी करपली’ मात्र नको.

जाता जाता: पेशीने अशा स्वतःहून मरण्याला कुणी ‘अपोप्टोसिस’ हा शब्द सुचवला तर घेऊ नका. 1972मध्ये रूढ झालेल्या या शब्दाचा ग्रीक अर्थ पानं-पाकळ्या गळणे, पण तो वापरतात प्राण्यांच्या पेशींसाठी. तिथे मरणाऱ्या पेशीचे तुकडे दुसऱ्या पेशी गिळून टाकतात. वनस्पतीत पेशीभोवतीची टणक भिंत, म्हणजे पेशीभित्तिका, या गिळण्याच्या आड येते. झाडावरून घेतलेला शब्द झाडालाच लागू नाही, ही गंमतच.

तुमच्या जागी मी लिहीन: ‘जिवाणूंची काही द्रव्यं पेशींना मारतात, काही त्यांना मरायला लावतात.’